दिव्यात पाणी

उधाणाच्या भरतीवर दहा जणांनी मिळून
रेजिना वर घेतली, शापोऱ्याच्या काठाला,
माडाच्या ओंडक्यांवरून घसटत.
पाणी उतरलं, तशी ती कुशीवर टेकली,
रवंथ करायला बसावी तशी.

नाळेच्या दोन्ही अंगांना दोन दिवे,
रात्री धक्का दिसावा म्हणून.
डाव्यात बोटभर पाणी.
उजव्यात बोटभर पाणी आणि एक मुंगी, मेलेली.

"दर्या भितर सरता," काइतान म्हणाला,
कुणा शेजाऱ्याबद्दल सांगावं तसं.
तीन हंगाम त्याने दर्याशी भांडण केलं होतं:
आधी पांढरं सीलंट, त्यावर काळं, त्यावर एम-सील,
आणि कडेला एक गुलाबी रेघ.
"ती फिलसूची नेलपॉलिश," तो म्हणाला
आणि दुसरीकडे बघू लागला.

मी खरवडत बसलो.
ऑक्टोबरचं ऊन फायबरवरून तोंडावर येत होतं.
स्टेनलेस म्हणून म्हापशात विकत घेतलेले स्क्रू
पान्याखाली बिस्किटासारखे तुटले.
दिवा हातात आला,
मागे शेपटासारखी हिरवी पडलेली तार.

घरी नेला. पुसला, वाळवला,
तारेचं तोंड बांधून बादलीत बुडवून ठेवला रात्रभर, वर दगड.
सकाळी काढला तर आतून कोरडा.
गॅस्केट बिचारं इमानदार होतं.

तेव्हा मुंगी आठवली.
मुंगी काही समुद्रातून येत नाही.

परत जाऊन रेजिनाच्या डेकवर एक तांब्या पाणी ओतलं,
आणि आत शिरून, गुडघे पोटाशी घेऊन, बॅटरी धरून बसलो.
बराच वेळ काही नाही.
मग नांगराच्या झाकणाच्या बिजागरीतून
एक थेंब उतरला,
तारेवर आला,
थांबला,
आणि चालू लागला. घाई नाही,
वाट पाठ असलेल्या माणसासारखा,
सरळ दिव्याच्या पाठीपर्यंत.

काइतानला बोलावून दाखवलं.
तो वाकून पाहत राहिला.
"म्हणजे दर्या नव्हे," तो म्हणाला.
मी म्हटलं, "नव्हे."
मग बराच वेळ तो काही बोलला नाही.
खाली खाडीत कोणीतरी तिसऱ्या वेचत होतं.

बिजागरी बंद केली.
भोकं रुंद करून, एपॉक्सी भरून, पुन्हा पाडली.
नव्या तारेला दिव्यामागे वीतभर झोळ दिली,
म्हणजे चुकून आला एखादा थेंब
तर खालच्या वळणाशी येऊन पडेल,
वर चढून दिव्यात जाणार नाही.
ताठ ओढलेली तार दिसते छान,
पण पाणी तिला पूल समजतं.

दिवे बसवताना काइतान पाना घेऊन पुढे सरला.
मी त्याचा हात धरला.
बोस्त्यांव मेस्त, ज्याच्या हाताखाली मी शिकलो,
म्हणायचा: आज बोटांनी, उद्या पान्याने.
सगळं एकदम आवळलंस
तर मधलं बाहेर येतं सगळं,
आणि धरून ठेवायला काही उरत नाही.
काइतान रात्रभर झोपला नसणार.
पहाटे पाना घेऊन माझ्या दारात उभा होता.

पुढच्या उधाणाला रेजिना पाण्यात गेली.
अंधार पडल्यावर आम्ही बाहेर एक फेरी मारून आलो,
आणि धक्का जवळ आला तसं त्याने बटण दाबलं.
चिऱ्याच्या पायऱ्या, त्यांना चिकटलेली कालवं,
कोणाची तरी एकटी चप्पल,
आणि सर्वांत वरच्या पायरीवर फिलसूचे पाय.

तीन वर्षं ती अशीच येत होती, हातात टॉर्च घेऊन.
मी तिला कधी पाहिलं नव्हतं.
टॉर्च पाहिली होती, लांबून, पिवळा ठिपका.

"पालव तें, दोळ्यांत वता," ती ओरडली.
काइतानने दिवे चालूच ठेवले.

दोर टाकला, तिने तो झेलून खांबाला बांधला,
न बघता, सवयीने.
मग दोन पायऱ्या उतरून
टॉर्च माझ्या हातात दिली.
"हाचेंय पळय रे, मांद्रेकार. भितर उदक गेलां."

काचेआड धुकं होतं.
हलवली, तर खळखळली.
मी काचेकडे पाहिलंच नाही,
उलटी करून आधी
मागचं झाकण पाहिलं.