मुद्दा क्रमांक सात

हॅदरथॉर्पची पॅरिश कौन्सिल
दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी भरते,
बंद पडलेल्या शाळेत,
जिथल्या खुर्च्या अजून सहा वर्षांच्या मुलांच्या मापाच्या आहेत.
पाच सभासद गुडघे हनुवटीशी घेऊन
गावाचा कारभार बघतात.

मी क्लार्क. आठवड्याला सहा तासांचा पगार.
इतिवृत्त लिहिते, चाव्या सांभाळते,
सूचनाफलकाच्या काचेआड मेलेल्या माश्या झाडते.

त्या मंगळवारी जिल्ह्याचं पत्र होतं.
मी दोनदा वाचलं, कारण मिस्टर गार्फुट
कानातलं यंत्र घरी विसरले होते:
ग्रामीण वस्ती निधीतून
बसथांब्यावरच्या निवाऱ्यासाठी
चार हजार दोनशे पौंड मंजूर.
एकतीस मार्चच्या आत खर्च व्हावेत.
न झाल्यास परत.

नऊ वर्षं मागत होतो.
नऊ वर्षांत अर्जाचा नमुना चारदा बदलला.
एकदा त्यात गावाची समुद्रसपाटीपासूनची उंची विचारली होती.
मी लिहिलं, उणे एक मीटर.
संगणकाला उणे चालेना.
ते वर्ष आम्ही कागदोपत्री टेकडीवर काढलं.

ईनिड ब्लँचर्डने टाळी वाजवली. एकटीनेच.
मग हात मांडीखाली दडवले.

त्याच लिफाफ्यात दुसरा कागद होता,
वाहतूक विभागाचा.
त्रेपन्न क्रमांकाची बस एप्रिलपासून बंद.
प्रवासी अपुरे.

बाहेर कोबीच्या शेतांवरून, कालव्यांवरून
कशालाही न अडता आलेला वारा
खिडकीच्या फटीत शिरला.
बराच वेळ तेवढाच बोलत होता.
मी लिहिलं: चर्चा झाली.

पैसे हॉलच्या छपराला लावावेत, असं कुणी म्हणालं.
लेखाशीर्ष बदलता येत नाही, मी म्हटलं.
मग परत पाठवावेत.
परत गेलेला पैसा वाट विसरतो, ईनिड म्हणाली,
रस्त्यावरच्या दिव्यांचं काय झालं आठवा.

नियमाप्रमाणे शेवटी जनतेसाठी तीन मिनिटं असतात.
जनता बहुधा नसते.
त्या दिवशी होती, दाराजवळ, कोट न काढता:
डानुटे, कौनसहून आलेली,
गार्फुटांचाच कोबी शेडमध्ये खोक्यांत भरणारी.
ती म्हणाली,
पहाटे चारला आम्ही अकराजणी तिथे उभ्या असतो.
शेडची व्हॅन येते. कधी वीस मिनिटं उशिरा.
त्या बसमध्ये आम्ही कधी बसलो नाही,
म्हणून कुणी मोजलंही नाही.
थांब्यावर मात्र सहा हिवाळे झाले.

काय म्हणाली? मिस्टर गार्फुटनी विचारलं.
मी तिचं बोलणं शब्दाला शब्द लावून परत वाचलं.
माझ्या तोंडून ते तक्रारीसारखं वाटलं.
तिने नुसतं सांगितलं होतं.

मंजुरीपत्रात, बस असलीच पाहिजे,
असं कुठे लिहिलेलं नव्हतं.
मी शोधलं. तळटिपांसकट.
ठराव सात: निवारा बांधावा.
सूचक ब्लँचर्ड, अनुमोदक गार्फुट.
लाभार्थींच्या रकान्यात मी लिहिलं, अकरा.
संगणकाने निमूट घेतलं.

काम मार्चच्या अठ्ठाविसाव्या दिवशी संपलं.
बिलावर सही करण्याआधी पाहणी करावी लागते.
मी मुद्दाम पहाटे गेले, स्वेटरवर स्वेटर चढवून.
नकाशात चौघांसाठीचं बाक,
त्यावर सहाजणी दाटीवाटीने बसलेल्या,
थर्मासचं झाकण हातोहात फिरत होतं.
एकजण सरकली. मी टेकले.
सभेला का येत नाही, मी विचारलं.
संध्याकाळी सातला? डानुटे हसली,
तेव्हा आम्ही झोपलेल्या असतो.

आता वेळापत्रकाची ती चौकट रिकामी आहे.
तिच्यात मी पुढच्या सभेची सूचना लावली:
वेळ दुपारी साडेतीन.
खाली बारीक अक्षरात
खुर्च्यांबद्दल माफी मागितली आहे.