लेबलावरचा निळा

एकतीस वर्षं मी त्या बरणीत फॉर्मॅलिन भरलं.
दर दिवाळीच्या सुट्टीत, कॉलेज रिकामं असताना,
झाकणाच्या कडेला व्हॅसलीन, मग सुती दोरा,
मग फडक्यानं काच.
आत सरडा. उकडलेल्या बटाट्याच्या सालीच्या रंगाचा.
लेबलावर टिपणीस मॅडमचं तिरपं अक्षर:
नर. सिन्नरचा माळ. मे १९८६.
गळ्याचा पंखा निळा, काळा, केशरी.
खाली, पुष्कळ नंतर, लाल शाईत:
शोधला. नाही. जिल्ह्यातून गेला.

मी प्रयोगशाळेचा शिपाई. मला काय,
मॅडमनी निळा लिहिलं तर निळा.
पण खरं सांगायचं तर पटलं नव्हतं कधी.
पोरं विचारायची, गांगुर्डे काका, कुठंय निळा?
मी म्हणायचो, पेपरात लिहा, मार्क मिळतील.

मॅडम दर मे महिन्यात जायच्या.
स्कूटरवर, डोक्याला ओला पंचा.
परत यायच्या तेव्हा नाक सोललेलं,
वहीत तारीख आणि पुढं एक आडवी रेघ.
सात मे महिने. सात रेघा.
एकदाच म्हणाल्या, कपाटाकडं तोंड करून,
गांगुर्डे, मी पकडला तोच शेवटचा असला तर?
आठव्या वर्षी त्यांनी लाल पेन मागितला.
स्टोअरमधून मीच आणून दिला, सही करून.

परवा भाच्यासोबत प्लॉट बघायला गेलो.
मुसळगावच्या पुढं, समृद्धीच्या अंगाला.
सांगळे म्हणून एजंट, पांढरी गाडी, गार पाण्याच्या बाटल्या.
इथं बाग, इथं क्लब हाऊस, इथं गणपतीचं देऊळ,
तो बोटानं हवेतच बांधत होता.
खाली नुसता दगड. कुसळं. चुन्याच्या रेघा.
साडेबाराचं ऊन, सावली बुटाखाली.

प्लॉट नंबर सदतीस. कोपऱ्याचा खांब.
शेंड्यावर वाळकं पान अडकलंय असं वाटलं.
पानानं मान वर केली.
गळा उघडला.

कुणी खिशातून रुमाल काढावा, परत कोंबावा,
परत काढावा, तसा.
निळा, त्याला काळी पट्टी, मग केशरी.
माझ्या हातातली बाटली कलली, पाणी बुटात गेलं.
पलीकडच्या दगडावर आणखी एक होता, त्यानंही उघडला.
दोघं एकमेकांना दाखवत होते,
आमच्याकडं दोघांचंही लक्ष नव्हतं.
मादी असावी ती कुसळात होती,
थेट बरणीतल्या रंगाची.

भाचा म्हणाला, मामा, ऊन लागलं का?
सांगळे म्हणाला, सरडाच आहे साहेब, काही करत नाही.
काम सुरू झालं की जातात.

एवढंच तर होतं लाल शाईत.
मॅडमना लिहायला सात वर्षं लागली.

आता पंचाईत बघा.
सांगावं तर कॅमेरे येतील, गाड्या लागतील त्याच दगडांवर.
न सांगावं तर जूनच्या आत जेसीबी.
भाच्यानं टोकन दिलेलं, अकरा हजार, माझ्या शब्दावर.
रात्री गच्चीत पडलो, डोळा लागेना.
मिटला की रुमाल बाहेर.

सकाळी फोन लावला. मॅडम हल्ली मुलीकडं,
गंगापूर रोडला. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं,
दुसऱ्याचं आता करत नाहीत.
मी म्हटलं, गांगुर्डे बोलतोय. बेचाळीस नंबरची बरणी.
पलीकडं कुकरची शिट्टी झाली. मग दुसरी.
जागा विचारली नाही. किती होते, तेही नाही.
म्हणाल्या, निळा कसला?

मोरचूद म्हणावं, तर जन्मभर हाताळला,
तो याच्यापुढं धुतलेला.
स्टोव्हच्या ज्योतीत तळाला असतो तो?
जवळपास. पण तो भुरभुरतो, हा ठाम होता.
शाईचा तर नाहीच.

मॅडम, मी म्हटलं, मला नाही सांगता यायचं.
रिक्षा मी ठरवतो. साडेबाराच्या आत पोचू.
पंचा भिजवून आणतो.