कंसातलं गाव

हिरेमठ बाई सोमवारी आल्या.
"प्रश्न एका ओळीचा आहे," म्हणाल्या.
"घरात एक भाषा, शाळेत दुसरी,
तर पोर वाचायला शिकतं कसं?
यावर जगात जे जे लिहिलं गेलंय
ते सगळं हवं."

सगळं.
टिळकवाडीतल्या बी.एड. कॉलेजच्या ग्रंथालयात
एक संगणक, एक पंखा, शिपाई दस्तगीर
आणि मी.

आधी शब्द जमवले.
मातृभाषा किंवा घरभाषा किंवा बोली.
वाचन किंवा साक्षरता किंवा अक्षरओळख.
एकेका गटाला एकेक कंस,
कंसाकंसांत 'आणि'.
मग गावाची पाळी आली.

बेळगाव. डोक्यावर टिंब घेतलेलं बेळगांव.
साहेबाच्या जिभेवरचं बेलगाम.
सरकारी पाटीवरचं बेळगावी,
आणि तेच पुन्हा कन्नडच्या गोल अक्षरांत.
एकही सोडून चालत नाही,
नाव सुटलं की त्या नावाखालची पोरं सुटतात.
सगळी एका कंसात बसवली, मधे 'किंवा' घालून.
ज्यांच्यावरून चौकात काचा फुटल्या होत्या
(मी नववीत, भूगोलाचा पेपर पुढे गेला होता)
ती नावं मांडीला मांडी लावून बसली.
यंत्राने हूं की चूं केलं नाही.

'वगळून' हाही शब्द आहे आमच्या कामात.
तो मी जपून वापरते.

चार हजार आठशे बारा नोंदी.
बाराशे नव्वद दुबार, त्या काढल्या.
उरलेल्या बाईंनी वेगळ्या वाचल्या, मी वेगळ्या,
एकमेकींचा कौल न बघता.
जे नाकाराल त्याचं कारण लिहायचं, हा नियम.
इतक्या सभ्यपणे मला आजवर
कुणी नाकारलेलं नाही.

शेवटी दोन नावांपाशी अडले.
ना. शिंदोळकर, एम.एड.चा प्रबंध, मराठी,
दस्तगीरने माळ्यावरून झटकून आणलेला.
एन. शिंदोळी, शिक्षकांच्या मासिकातला लेख, कन्नड.
यंत्राच्या लेखी माणसं दोन, अभ्यास दोन.
पण दर गुरुवारी एक म्हातारे गुरुजी येतात,
आधी मराठी पेपर वाचतात, मग कन्नड,
आणि दोन्हींतलं शब्दकोडं पेन्सिलने सोडवून
पुसून ठेवतात.

दोन्ही कागद त्यांच्यापुढे धरले.
"दोन्ही मीच की ओ.
मराठी गाईडसाठी लिवलं, कन्नड इन्स्पेक्टरसाठी.
पोरं तीच. एक्केचाळीस.
जांबोटीकडची शाळा, पत्रे गळायचे."

यंत्राने ब्याऐंशी धरली असती.
न जन्मलेली एक्केचाळीस पोरं
पाटी घेऊन पुराव्यात येऊन बसली असती,
आणि कुठल्यातरी तक्त्यात
सरासरी जराशी हलली असती.

बाई म्हणाल्या, तुलनेला दुसरा गट नाही,
दर्जा कमी पडतो.
मी म्हटलं, पडतो.
तरी भाषेपायी नको वगळायला.
तासभर वाद झाला, कन्नडात सुरू होऊन मराठीत संपला,
किंवा उलट.
ठेवला. एकोणिसांतला एकोणिसावा,
पुढ्यात चांदणी, खाली तळटीप.

पुढल्या गुरुवारी गुरुजींनी विचारलं,
"मग काय ठरलं? शिकतंय का पोर?"
घरच्या भाषेतून सुरुवात केली तर शिकतं, म्हटलं,
पण पुरावा मध्यम आहे.
"मध्यम?" गुरुजी हसले.
"त्यातली यल्लू खानापूरच्या पोस्टात हाय.
कुठल्या का लिपीत पत्ता असंना,
पाकीट बरोबर घरी पोचतंय."

हे कुठल्याच रकान्यात बसत नाही.
मी परिशिष्ट उघडलं,
जे कुणी वाचत नाही,
जिथे माझा अख्खा शोध कंसांसकट छापला जाणार आहे,
उद्या कुणी पुन्हा शोधलं
तर त्यालाही हेच सापडावं म्हणून.
कंस मोजले. एक बंद करायचा राहिला होता.
गावाचाच.
तो केला, आणि खाली
शोध घेतल्याची तारीख घातली.