शून्यं कमी पडली त्या रात्री

मी भिंतीच्या आत बसतो.
डावीकडच्या कुंपणाला टेकलेला धावफलक,
त्याच्या पोटात एक स्टूल, एक घरघरता पंखा,
खिळ्यांवर ओळीने टांगलेले पत्र्याचे आकडे
आणि समोर चार बोटांची फट.
तिच्यात मावेल तेवढंच बेसबॉल माझ्या वाट्याचं.

त्याआधी एकतीस वर्षं नदीकाठच्या स्टार्चच्या कारखान्यात.
अजून वारा तिकडून आला की मक्याचा शिजट वास येतो
आणि नजर आपसूक घड्याळाकडे जाते.

शून्याच्या पाट्या अठरा हव्यात.
चार गेल्या वर्षीच्या गारपिटीत उडाल्या,
मिसिसिपीच्या तळाशी असतील.
ऑफिसातल्या लुरीनला दोनदा सांगितलं.
ती म्हणाली, वेर्लिन, चौदा शून्यं पुरणार नाहीत
असं आपली पोरं कधी खेळलीत का?

बरोबर होतं तिचं.

पण त्या गुरुवारी ओसिएल ब्राकामोंते उभा राहिला,
सोनोराचा डावखुरा, महिना बाराशे डॉलरवरचा,
पायात दुसऱ्याचे बूट, कारण त्याचे बसमध्ये राहिलेले.
आणि त्यांच्याकडून तो ताडासारखा थ्रॅशर.
चेंडू दिसायचाच नाही,
नुसता कॅचरच्या हातमोज्यात वाजायचा,
कोणी ओली चादर झटकावी तसा.
शून्य.
मी उठायचो, टांगायचो, बसायचो.
शून्य. शून्य.
पाचव्या डावात आमच्या एकाने चेंडू उचलला,
सरळ माझ्याकडे येत, येत, येत,
आणि त्यांच्या पोराने भिंतीवर खांदा आपटून तो धरला.
तो धक्का माझ्या पाठीत उतरला,
पाट्या खुळखुळल्या.
तरी शून्य.

सातवा डाव संपला आणि खिळा रिकामा झाला.
मी सातच्या तीन पाट्या काढल्या
(डावात सात धावा इथे कोण काढतंय)
आणि उलट बाजूला खडूने शून्यं काढायला बसलो.
पहिलं वाकडं आलं, अंड्यासारखं.
दुसरं बरं.
आठवा त्यात भागला.

नववा. त्यांची पाळी.
एकाला चार चेंडू बाहेर पडून फुकट पहिला बेस.
पुढच्याने बॅट नुसती आडवी धरून त्याला दुसऱ्यावर ढकलला.
त्याच्या पुढच्याचा टप्पा खाऊन तो तिसऱ्यावर.
दोन बाद. एकही फटका नाही.
मी म्हटलं, आता सुटतो ओसिएल,
आणि तिसरं शून्य काढायला खाली वाकलो.

म्हणून मी ती धाव पाहिली नाही.
ऐकली.
नऊशे माणसांनी मिळून आत ओढलेला श्वास,
मग धुळीत कोणीतरी घसरल्याचा आवाज.
वर पाहिलं तर एझ्रा, आमचा कॅचर, एकोणीस वर्षांचा,
मागच्या जाळीशी गुडघ्यावर, पाठमोरा,
पायांमधून निसटलेला चेंडू हातात घेऊन,
आता तो कोणाकडे फेकायचा ते न कळून.

एकच्या पाट्या पुष्कळ होत्या.
आणि मी त्यांच्यासाठी आगाऊ काढलेलं ते शून्य
अर्ध्या तासाने आमच्याच रांगेत गेलं, शेवटच्या घरात.

दिवे निम्मे विझल्यावर फटीबाहेर कोणी उभं राहिलं.
आत आहे का कोणी?
आहे.
तो एक कधी काढता?
सकाळी.
आत्ता काढता येईल?
मी काढला. काय जातं माझं.
फलकावर सतरा शून्यं राहिली आणि एक काळं भोक.
एझ्रा बराच वेळ बघत राहिला.
पायात अजून पॅड, एकाचा पट्टा सुटलेला.
मग म्हणाला, नको.
लावा परत.

सकाळी लुरीनने विचारलं, किती मागवू?
चार, मी म्हटलं.
तिने फलकाकडे पाहिलं, खडूची शून्यं मोजली
आणि वहीत लिहिलं, तीन.