चढ नसलेला देश

टेबलावर नकाशा पसरलाय.
एका कोपऱ्यावर मिरचीच्या लोणच्याची बरणी,
दुसऱ्यावर बीपीच्या गोळ्यांचा डबा,
तिसरा फिलोमिनाच्या कोपराखाली.
चौथा पंख्याने फडफडतोय. फडफडू दे,
तिकडे नुसता समुद्र आहे.

केवढासा देश!
पुणे, सातारा, सोलापूर,
तीन जिल्हे जोडले की संपला.
शाळेच्या इतिहासात त्यांना वलंदेज म्हणायचे.
वेंगुर्ल्याला वखार होती, दोन गुणांची टीप लिहा.
ते सायकली चालवतात
हे कुणी परीक्षेला विचारलं नाही.

फिलोमिना मोबाइल नाकाला लावून वाचते:
त्यांच्याकडला सगळ्यात उंच डोंगर
तीनशे बावीस मीटर.
"म्हणजे गं, आपल्या मोरीच्या जाळीच्याही खाली!"
हसता हसता तिचा नवा गुडघा आखडतो.
तो स्टीलचा. विमानतळावर वाजेल म्हणून
डॉक्टरांची चिठ्ठी फायलीत सगळ्यात वर लावली आहे,
पेन्शनच्या पासबुकाच्याही वर.

फॉर्म मी भरते, माझं अक्षर बरं.
आख्खी नोकरी चार्ट भरलेत: ताप, नाडी, लघवी.
सोबतच्या व्यक्तीशी नातं?
नवरा आहे, बायको आहे, मूल आहे, नातवंड आहे.
मी "इतर"वर खूण करते.
फिलोमिना बघते, काही बोलत नाही,
लोणच्याची बरणी उगीच सरळ करते.

प्रवासाचा उद्देश?
इथे पेन थांबलं.

येरवड्याहून ससून, बंडगार्डनचा पूल,
रात्रपाळी. कडक इस्त्रीच्या पांढऱ्या साड्या,
साखळीत अडकू नये म्हणून वर खोचलेल्या.
सायकल एकच, हप्त्यावर घेतलेली.
मागे कॅरिअरवर ती, मांडीवर दोघींचे डबे,
आणि डायनामो असा, की जरा चढ लागला
की दिव्याने मान टाकलीच.
अलंकार टॉकीजपाशी हवालदाराने शिट्टी मारली.
डबलसीट. वर दिवाही नाही.
म्हटलं, सात मिनिटांत ड्यूटी आहे हो.
त्याने काही न बोलता, शांतपणे उकिडवं बसून
दोन्ही चाकांची हवा सोडली.
तो आवाज.
ऑक्सिजनचं सिलिंडर उघडताना
पुढे तीस वर्षं मला तोच ऐकू यायचा.

नंतर लुना आली, मग रिक्षा, मग गुडघे.
सायकल एकशेदहा रुपयांना भंगारात गेली.
शहरातल्या बाकीच्यांच्या कुठे गेल्या
ते ज्याने त्याने आपापलं सांगावं.

उद्देशापुढे मी "पर्यटन" लिहिते.

तर सध्या रोज पहाटे साडेपाचला
सोसायटीच्या पार्किंगमध्ये सराव.
सायकल तिसऱ्या मजल्यावरच्या ईशानची, एकवीस गिअरची,
त्यातले वीस आम्हाला नकोत.
कॅरिअर नव्हता, तो नाना पेठेतून बसवून आणला.
ईशानला तो अजून आवडलेला नाही.
तिकडे म्हणे मागे कुणाला बसवलं तरी चालतं,
कुणी अडवत नाही.
"वजन वाढलंय तुझं."
"तुझाच दम कमी झालाय, पेडल मार."
खांब एक ते खांब चौदा,
मीटरच्या खोलीला वळसा, परत.

काल खांब नऊपाशी शिट्टी वाजली.
दोघी टुणकन खाली.
तिचा नवा गुडघा, माझी जुनी कंबर,
काही आठवलं नाही, नुसत्या उतरलो.
सायकल हातात धरून उभ्या,
माना खाली.
वॉचमन धावत आला: "तुमाला नाय ओ सिस्टर,
पाण्याचा टँकर मागं घेतोय."

टँकर गेला. फाटक लागलं.
फिलोमिना वाकली,
अंगठ्याने मागचं चाक दाबून पाहिलं,
मग पुढचं.
हवा होती.