जून शेंगा

तुर्भ्याच्या मार्केटात पहाटे साडेचारला
शेवग्याची जुडी मी कानाशी धरून वाकवते.
यासीनभाई आता हसत नाही.
"आज किती जणांना मारायचंय?" एवढंच विचारतो
आणि जून शेंगा बाजूला काढून देतो.

कोवळी शेंग नुसती लवते.
जून मोडली, की मनगट.
चार एकत्र पिळल्या, की बरगडी.
कलिंगडाबद्दल न बोललेलं बरं.

महाप्याला, तळघरातल्या खोलीत,
पडद्यावर एक शिपाई सतराव्यांदा गच्चीवरून पडतो
आणि मी त्याच्यासाठी भाजी मोडते.
नचिकेत आवाज दोन फ्रेम अलीकडे ओढतो.
"आधी कळ, मग चित्र."

मार्चमध्ये मी स्वतःच पडले,
त्याच खोलीत, वायरीत पाय अडकून.
माइक चालू होता.
प्लास्टर ओलं असतानाच आम्ही ते ऐकलं:
एक मिळमिळीत टक्,
कुणी पाटावर सुपारी ठेवावी तसं,
आणि मग बराच वेळ नुसता माझा श्वास.
नचिकेतने मान हलवली.
"खोटं वाटतंय गं."
खरंच वाटत होतं.

त्याने टक् कापला.
श्वास ठेवला, जरा जाड करून.

आता कुठल्याही पोराने रात्री हेडफोन लावून
त्या शिपायाला गच्चीवरून ढकललं,
की हाड शेवग्याचं मोडतं
आणि विव्हळते मी.

उरलेल्या शेंगांची घरी आमटी होते.
आई चोथा ताटाच्या कडेला काढत म्हणते,
जून आहेत गं,
बाजारात जरा बघून घेत जा.