अडीच आज्ञा

आमचं मैदान तीनशे मीटरचं.
चारशेचं झालं असतं,
पण पूर्वेकडून दफनभूमीची भिंत आत आली आहे
आणि मेलेल्यांना जरा सरका म्हणायची
कुणा प्राचार्याची छाती झाली नाही.

मी चुना मारतो.
ट्रॅकला आणि कबरींच्या कडांना, एकाच गोणीतला.
शरणपुरात माझ्या बापानंही हेच केलं.
त्याची रेघ माझ्यापेक्षा सरळ होती,
असं तो भिंतीपलीकडून अजून ऐकवतो.

कॉलेज केवढं? दोनशे बारा पोरं,
एक गोळा, दोन भाले, त्यातला एक बांबूचा,
आणि चर्चच्या जुन्या बाकांचे चार हर्डल.
पाळकांचा उपदेश लांबला की
अर्धं शरणपूर त्यांच्यावर पेंगायचं.
पुण्याचं भाडं हंगाम सणाच्या लिलावातून निघतं.
यंदा एक भोपळा आणि एक कोंबडा
गिरणाऱ्याच्या रत्नाकर साळव्यांनी
तीनदा विकत घेतला, तीनदा परत दिला.

तीन हजार मीटर म्हणजे आमच्या दहा फेऱ्या.
उमाप सर त्या आज्ञांवर मोजतात,
कोपऱ्यावर उभे राहून ओरडतात,
पाचवी! बापाचा आणि आईचा मान राख! खांदे सैल!
सहावी! खून करू नको! श्वास सोड!
सातवी!
सातवीला नुसतं सातवी म्हणतात, पोरी आहेत.

मथुरा भोये पेठकडच्या पाड्यावरची.
घरी वाघदेव, डोंगरदेव.
आज्ञा तिला कुणी शिकवल्या नाहीत,
त्या सरळ पायांत गेल्या.
चोरी करू नको म्हणजे काय, विचारा तिला,
म्हणेल, तिथं बरगडीखाली कळ येते.
खोटी साक्ष म्हणजे
पाय जड नाहीत असं स्वतःला सांगायचं ते.
आणि दहावी, लोभ धरू नको.
एलिझाबाईंच्या कबरीवर पंख तुटलेलं कबुतर आहे,
ते दिसलं की सर शिट्टी मारतात,
आता पळ! जीव खाऊन पळ!
मी एकदा विचारलं, सर, लोभ धरू नको म्हणता
आणि तिथंच पळायला लावता, हे कसं?
म्हणाले, ओहोळ, तुम्ही चुना बघा.

पुण्याचं मैदान लाल, रबरी, चारशेचं.
आठ पट्टे, एकही रेघ वाकडी नाही.
मला जरा रागच आला.
तिथं साडेसातच फेऱ्या.
सरांनी तिला चारदा समजावलं होतं,
तिनं चारदा मान हलवली होती.
घंटा झाली, बाकीच्या सुटल्या,
आमची पोरगी आपल्या लयीत,
कबुतराची वाट बघत.
चोरी करू नको अर्धी झाली
आणि समोर माणसं पट्टी धरून उभी.

पाचवी आली.
दम लागला नव्हता. सरांना लागलं ते तेच.

बसमध्ये सिन्नरपर्यंत कुणी बोललं नाही.
कोंबड्याच्या पैशांतून वडापाव वाटले,
तिनं कागदाची घडी केली, पुन्हा उलगडली,
मग म्हणाली,
सर, अडीच राहिल्या.

रात्री साडेदहाला आम्ही मैदानात.
द्राक्षवाले बागेत शेकोट्या पेटवतात तसली थंडी.
तिनं चपला काढून हर्डलवर ठेवल्या
आणि पलीकडच्या बाजूला, बरोब्बर अर्ध्यात,
जाऊन उभी राहिली.
मी भिंतीशी, हातात बॅटरी.
सर कोपऱ्यावर.
आठवी सरांनी हळू म्हटली.
नववी त्याहून हळू.
दहावीला शिट्टी तोंडात धरली, वाजवली नाही.
उजेडात कबुतर पांढरं झालं,
आणि ती गेली.

घड्याळ माझ्याकडे होतं.
किती लागले ते मी सांगणार नाही.

सकाळी बघितलं, कबरीसमोरची रेघ पुसली होती,
हातभर.
तेवढीच पुन्हा मारली.
जरा वाकडी आली.
भिंतीपलीकडून कुणी काही बोललं नाही.